नाबोरची जागा

"मास्तर, मळ्याच्या मालकांच्या आईचा वाढदिवस आहे. तिघांनी चलायचं," पिकअपमधला माणूस काच खाली करून म्हणाला.

फिदेन्सियो गिटारच्या तारा जुळवत होता. त्याने मान वर केली. "दुपारी आम्हाला लग्नात वाजवायचंय."

"लग्नवाल्यांना सांगून आलोय आम्ही."

मेक्सिकोतल्या वेराक्रूझच्या डोंगरातल्या त्या कॉफीच्या गावात, चौकातल्या कमानीखाली फिदेन्सियो, नाबोर आणि क्रिसोफोरो हे त्रिकूट ऐन तारुण्यापासून बोलेरो, म्हणजे जुनी संथ प्रेमगीतं, गात आलं होतं. रेडिओच्या काळात नाबोरच्या आवाजासाठी बायका खिडक्या उघड्या ठेवत. पुढे बॅण्ड आले, मग बंदूकवाल्यांचे पोवाडे आले. तिघांनी जागा सोडली नाही. यंदाच्या तोडणीत नाबोरचा मुलगा अबुंदियो मळ्यावरून परतलाच नाही. मालकाच्या माणसांनी त्याला गाडीत कोंबलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणीच पाहिलं नव्हतं.

"तू राहा. घसा बसलाय म्हणून सांगतो," फिदेन्सियो कुजबुजला.

"माझ्या घशाला काय धाड भरलीय?" म्हणत नाबोरच आधी गाडीत चढला. मग अधू नजरेच्या क्रिसोफोरोला दोघांनी हात देऊन वर घेतलं.

मळ्यावरच्या घरी अंगणात टेबलं मांडली होती. पाहुणे मोठ्याने हसत होते, पण हसण्याआधी मालकाच्या तोंडाकडे बघत होते. त्याची आई, तिबुर्सियाबाई, मात्र खरोखर खूश होती. "तुझ्या गाण्यावर नाचले आहे मी, नाबोर," ती म्हणाली.

नाबोर गायला. इतकं सुरेल तो कित्येक वर्षांत गायला नव्हता. फिदेन्सियोची बोटं घामाने तारांवरून घसरू लागली.

"आणखी एक म्हण," म्हातारी म्हणाली.

"म्हणतो, बाई. आधी माझं एक काम करा. तुमच्या लेकाला विचारा, माझा लेक कुठंय."

टेबलावरचे चमचे थांबले.

"एवेलियो, काय म्हणतोय हा?"

"म्हातारा झालाय, आई." मालकाने शांतपणे तोंड पुसलं. "गा, नाबोरकाका."

"अबुंदियो तुझ्याच वर्गात होता रे," नाबोर म्हणाला. "पुरायला हाडं तरी दे."

म्हातारीने लेकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला आत न्या." तिने मागे वळून पाहिलं नाही.

निघताना पिकअपवाल्याने नाबोरला बाजूला घेतलं आणि बाकी दोघांना म्हणाला, "तुम्ही दोघं बसा. काकांना आईंनी थांबवून घेतलंय."

आत म्हातारीच्या खोलीचं दार बंद होतं. फिदेन्सियो गाडीत टाकलेला पाय पुन्हा खाली घेत म्हणाला, "मग आम्हीही थांबतो."

"जा तू," नाबोर म्हणाला. "क्रिसोफोरोला एकट्याला घर सापडायचं नाही." त्याने आपली गिटार फिदेन्सियोच्या हातात दिली. फिदेन्सियोने ती घेतली. त्या घेण्याची लाज त्याला पुढे जन्मभर वाटत राहिली.

नाबोर परतला नाही.

रविवारी दोघं कमानीखाली आले आणि मधली जागा मोकळी ठेवून बसले. पूर्वी इथे त्यांना ऐकलेल्या एका परगावच्या जोडप्याने गाणं सांगितलं. "ते तिसरे गाणारे नाहीत का आज?" बाईने विचारलं.

फिदेन्सियोने गाण्याची सुरुवात वाजवली. मुख्य चाल नाबोरची असायची; ती दोघांनी घेतली नाही. एकाने वरचा सूर धरला, दुसऱ्याने खालचा. मध्ये काहीच नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं हळूहळू बोलायची थांबली. खांबाशी उभा असलेला हवालदार थोडा वेळ ऐकत राहिला, मग टोपी सारखी करून चौकाच्या दुसऱ्या टोकाकडे निघून गेला.

दोघं शेवटच्या कडव्यापर्यंत तसेच गायले.