चर्चच्या चढावरची राख

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, पाण्याच्या सणाला, गाव ओढ्यावरचं पवित्र पाणी घेऊन चर्चचा चढ चढतं. यंदा अर्ध्या वाटेतच ओलेना घसरली, तिच्यामागून आणखी दोघी. कळशीतलं पाणी बर्फात गेलं. लंगडत वर चर्चमध्ये पोचताच तिनं हाफियाआजीला गाठलं. पाय घसरू नयेत म्हणून बर्फाळ चढावर राख टाकायचं काम आजीचं. चर्चची किल्लीही तिच्याचकडे.

"म्हातारे, राख चुलीतच ठेवलीस की काय?"

"टाकली गं काल. चांगली दोन बादल्या."

"मग उंदरांनी खाल्ली?"

बायका हसल्या. आजीचा चेहरा उतरला. "टाकलीशी वाटते खरी... परवा दूधही उतू गेलं. डोकंच चालेना माझं."

मागच्या बाकावर ओनुफर मान खाली घालून बसला होता. चाळिशीचा बाप्या, पण बर्फावरून घसरत जायला गुळगुळीत तळव्यांचे बूट नवेच आणलेले, काल तो चढ बघून त्याला राहवलं नव्हतं. राखेनं तळवे खरवडतात, म्हणून त्यानं फांदीनं राख कडेला लोटली आणि अंधार पडेपर्यंत घसरला. वाट आरशासारखी झाली. राख परत पसरायची राहूनच गेली.

फादर उपदेश गाऊ लागले. त्यांचा सूर लागला की भिंतीवरच्या चित्रांतले संतही कान देत असावेत.

"नदीत उतरताना प्रभूनं अंगावरचं सारं उतरवलं... तू काय पांघरून बसलास, माणसा?"

"दया कर, प्रभो," सगळे गायले. ओनुफरनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

प्रार्थना संपली तशी आजी पुढे झाली. कमरेची किल्ली तिनं फादरांसमोर धरली.

"घ्या, फादर. उद्या मेणबत्ती विझवायला विसरले, तर चर्च पेटेल."

"आजी, थांब!" ओनुफर उठला. "राख तू टाकली होतीस. मी लोटली. घसरायला."

"लाज कशी नाही वाटत, मेल्या!" ओलेना ओरडली.

आजी जवळ आली. आता कानफटात बसणार म्हणून त्यानं डोळे मिटले.

"म्हणजे मी टाकली होती?" तिनं विचारलं. "ऐकलंत का गं? डोकं शाबूत आहे माझं!" तिनं त्याचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. "देव तुझं भलं करो, लेकरा."

शिवी असती तर त्यानं गिळली असती. हे गिळवेना. कोपऱ्यातली राखेची बादली उचलून तो बाहेर पडला आणि वाकून राख पसरू लागला. आजी किल्ली कमरेला खोचून खाली उतरत होती, भेटेल त्याला सांगत होती, "दोन बादल्या, बरं का!"

त्यानं मान वर केली नाही.