टाचणीकाकूंचा डावा पाय

"बसा तुम्ही इथं, पण त्यांना उठवायचं नाही," काकांच्या नडगीवर शेवटची चिकटपट्टी दाबत तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "घोरणं थांबलं तरी नाही, श्वास थांबला तरी नाही. मी शेजारच्या खोलीत पडद्यावर सगळं बघतेय."

"मी कशाला उठवू?" काकू म्हणाल्या. तोंडात तीन टाचण्या असल्यामुळे त्यातलं निम्मंच ऐकू आलं.

टाचण्या तोंडात धरून बोलायची त्यांची जुनी सवय. लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून द्यायचा त्यांचा घरगुती धंदा होता आणि गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव टाचणीकाकू करून टाकलं होतं. काका दूध डेअरीत बॉयलरवर, कायमचे रात्रपाळीला. रात्रभर वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची आणि सकाळी नऊला घरी येऊन आडवं व्हायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा क्रम. म्हणून इस्पितळानं त्यांची झोपेची तपासणीही सकाळी दहाला ठेवली होती. खिडकीला जाड पडदा, बुटका पलंग, आणि काकांच्या डोक्यापासून पायापर्यंत वीसेक वायरी. "बॉयलरच केला की माझा," एवढं म्हणून ते भिंतीकडे वळले आणि घोरायला लागले.

तपासणीचं निमित्त ब्लडप्रेशरचं. तीन गोळ्या चालू होत्या, तरी ते खाली यायचं नाव घेत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घोरता का? काका म्हणाले, छे. काकू म्हणाल्या, भांडी वाजतात. आणि मग त्यांनी इतकी वर्षं कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. घोरता घोरता मध्येच यांचा श्वास बंद पडतो.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "याची कारणं दोन असू शकतात. झोपेत गळ्याचे स्नायू इतके सैल पडतात की हवेची वाटच मिटते. नाहीतर मेंदूच्या देठाकडून श्वास घेण्याचा हुकूमच सुटत नाही. पहिल्याला सोपा उपाय आहे. दुसरं निघालं तर पुढं बरंच शोधावं लागेल."

काकूंनी त्यातलं फक्त दुसरं ऐकलं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचे सासरे भर दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. काकू त्याच खोलीत मशीनवर पडद्याला काठ लावत होत्या. मामंजींना छान झोप लागलीय म्हणून तासभर त्यांनी मशीनसुद्धा हळू चालवलं. नंतर आलेले डॉक्टर जाता जाता म्हणाले, "झोपेत श्वास घ्यायचं विसरले. सुटले बिचारे." माणूस समजूत घालायला काहीही बोलतो. काकूंनी मात्र ते अक्षरशः धरलं. आणि महिनाही उलटला नसेल, त्यांच्या लक्षात आलं की मामंजींचा मुलगाही, म्हणजे काकाही, मधून मधून विसरतात.

तेव्हापासून काकांचं अंथरूण मशीनला खेटून आलं. काकूंचा उजवा पाय मशीनच्या पेडलवर आणि डावा काकांच्या पोटरीशी. श्वास थांबला की मनात दहापर्यंत मोजायचं आणि पायानं ढोसायचं. काका फुरफुरून कूस बदलायचे आणि गाडी सुरू व्हायची. सकाळी नऊ ते दुपारी चार, एक दिवस खाडा नाही. त्या वेळात कुणी कुठं बोलावलं की काकूंना नेमकं घाईचं शिवण निघायचं. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. हिला शिवताना पाय हलवायची खोड आहे, एवढीच त्यांची तक्रार.

तर इस्पितळाच्या त्या खोलीत काकूंनी पिशवीतून कुणाची तरी पँट काढली आणि पायाची पट्टी हातानं टाकायला घेतली. आपण काही करायचं नाही, हे त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं.

दोन तासांनी तंत्रज्ञ मुलीनं दारातून खूण केली. काकू बाहेर गेल्या. मुलीच्या कपाळाला आठ्या होत्या.

"श्वास थांबतोय खरा, पण दहा-बारा सेकंदांत परत येतोय," ती म्हणाली. "मला कळत नाहीये ते पायाचं. दर वेळी आधी डावी पोटरी झटका देते, मग श्वास येतो. पायांचाच काही वेगळा आजार असेल तर..." बोलता बोलता ती थांबली. तिनं कॅमेऱ्यातलं चित्र मागं नेलं.

पडद्यावर काकू मान खाली घालून मन लावून शिवत होत्या. घोरणं थांबलं. त्यांचा डावा पाय चपलेतून निघाला, पलंगाच्या कडेवर चढला, काकांना एक ढोसणी देऊन पुन्हा चपलेत गेला. काकूंची सुई तेवढ्यात एकदाही थांबली नव्हती.

"हा तुमचाच ना?"

काकूंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि टाचण्या जमिनीवर पडल्या. "माझाच दिसतोय गं," त्या म्हणाल्या. "पण मला खरंच माहीत नाही, बाई."

"दोन तास मी तुमच्या पायाचा रिपोर्ट काढत होते, काकू." मुलीला रागवायचं होतं, पण हसू आवरेना. "आता इथं माझ्याशेजारी बसायचं. आत जायचं नाही."

पडद्यावर रेघाच रेघा होत्या. मुलीनं बोटानं दाखवल्या. "ही नाकातल्या हवेची. या खालच्या दोन छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांच्या. आणि हा आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा."

काही वेळानं नाकाची रेघ सपाट झाली. काकूंनी सवयीनं मोजायला घेतलं. दहा झाले. पंधरा झाले. त्या उठल्या. मुलीनं त्यांचं मनगट धरलं.

"सोड मला. जातील ते."

"मी आहे ना इथं. तसं काही वाटलं तर तुमच्याआधी मी धावेन. आता खालच्या रेघा बघा."

पंचवीस. आकडा ब्याण्णववरून सत्त्याऐंशीवर आला होता. काकूंना काही दिसत नव्हतं, डोळ्यांपुढं फक्त ती खुर्ची आणि मामंजींची कललेली मान.

"काकू, बघा तर. छाती हलतेय. पोट हलतंय. जोर वाढतच चाललाय."

काकूंनी डोळे पुसून पाहिलं. नाकाची रेघ मेल्यासारखी पडली होती, पण खालच्या दोन्ही रेघा वर-खाली होत होत्या, आणि दर खेपेला आधीपेक्षा मोठ्या. दार अडकलेलं असावं आणि कुणीतरी आतून धक्के मारत असावं, तशा.

"मेंदू विसरला असता तर या तिन्ही सपाट झाल्या असत्या," मुलगी म्हणाली. "तो हुकूम देतोय. गळाच मिटलाय नुसता. आजाराचं निदान डॉक्टरच करतील, माझं नाव घेऊ नका. पण रेघ काय, कुणालाही दिसते."

एकेचाळीसला पलीकडच्या खोलीतून एक दणदणीत फुरफुराट ऐकू आला. सगळ्या रेघा एकदम उसळल्या, नाडी धावत सुटली आणि आकडा चढायला लागला.

"बघितलंत? आता मेंदूनंच उठवलं त्यांना. पण दर वेळी असा घाबरून उठतो, रक्तवाहिन्या आवळतो, हृदयाला पळवतो. तासाला तीस-चाळीस वेळा. गोळ्या कुठवर पुरणार?"

काकू खुर्चीत बसल्या. रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही. इतकं हलकं त्यांना लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं. थोडं रडून झाल्यावर मात्र त्यांच्या मनात एक बारीकसं काहीतरी टोचलं. "म्हणजे माझ्यावाचून काही अडत नव्हतं तर," त्या म्हणाल्या.

"मेंदू एकेचाळीसला उठवतो, तुम्ही दहाला उठवत होता," मुलगी म्हणाली. "ऑक्सिजन खाली जायच्या आत. अहो, मला पगार मिळतो, तरी इतक्या वर्षांत मी चार वेळा डुलकी काढलीय."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, जरा जड शब्दांत. झोपताना नाकावर एक मुखवटा लावायचा. त्यातून हवा दाबानं आत जाते आणि गळा मिटू देत नाही. काकांना हवा दाबानं सोडण्याचं गणित चटकन कळलं. बाकीचं कळायला वेळ लागला.

"अकरा वर्षं?" घरी आल्यावर ते म्हणाले. "मला वाटायचं, तुझ्या पायाला मुंग्या येतात. सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला झोप लागली असती?"

दुपारी झोपायच्या आधी काकांनी स्वतःचं अंथरूण उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन घातलं.

पहिले काही दिवस काकू दर पाच मिनिटांनी दारातून डोकावायच्या. मुखवट्याआडून एकसारखा, संथ श्वास यायचा. दोन महिन्यांनी काकांची एक गोळी कमी झाली. त्या आठवड्यात एके दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, काकूंनी मशीनवर कापड झाकलं, साडी बदलली आणि दार हळूच ओढून घेतलं.

त्यांची धाकटी बहीण सहा बसथांब्यांवर राहायची. तिच्या या घरी काकू दुपारच्या कधी आल्याच नव्हत्या. भेटायचं तर तीच यायची, आणि तेही चारनंतर. बसमध्ये भरपूर जागा होती. उन्हातली दुकानं, शाळेचं रिकामं मैदान, झाडाखाली डबे उघडून बसलेले मजूर, सगळं त्या वळून वळून बघत राहिल्या. तीन जिने चढून त्यांनी बेल वाजवली.

बहिणीनं दार उघडलं. हाताला पीठ होतं. काकूंना बघून तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अक्का," ती म्हणाली. "दाजी...?"

"झोपलेत," काकू म्हणाल्या.

बहिणीनं चौकट धरली. अशा वेळी लोक असंच काहीतरी बोलतात, हे तिलाही माहीत होतं. तिनं काकूंच्या खांद्यावरून जिन्यात वाकून पाहिलं, बरोबर कोण कोण आलंय ते. जिन्यात कुणी नव्हतं.

"अगं, चांगले झोपलेत. चारला उठतील," काकू म्हणाल्या. "मी सहज आलेय."