दुहेरी गाठ

ढकल

करवत सुरू झाली की त्या शेडमध्ये माणसाचा आवाज मेलाच म्हणून समजा. चौदा जण, सगळे अर्धे बहिरे, आणि बोलणं सगळं ओठांवर. कामाचे शब्द चारच. ढकल, धर, फिरव, थांब. बाकी शिव्या. त्याही ओठांवरच, पण त्या कुणालाही पहिल्याच दिवशी वाचता येतात.

ओंडका करवतीकडे ढकलणाऱ्याला सगळे फूटपट्टी म्हणत. फळी दोनदा मोजायचा, कुलूप दोनदा ओढून बघायचा, बुटाची नाडी दुहेरी बांधायचा. समोर, पात्याशेजारी, त्याचा थोरला भाऊ. करवतीने त्याची दोन बोटं केव्हाच खाल्ली होती, आणि ती नसलेली बोटं तो पदकासारखी मिरवायचा.

मग साथ आली. फाटकावर कागद लागला, नाकातोंडाला कापड बांधल्याशिवाय आत येऊ नये.

"तोंड बांधून बोलायचं कसं? ढुंगणाने?" थोरला म्हणाला.

शेड हसली. प्रश्न तसा खोटा नव्हता. पण थोरल्याला उत्तर नको होतं, हशा हवा होता.

फूटपट्टीला हसू आलं नाही. घरी आई होती. तिने तीस वर्षं याच शेडमध्ये भुसा झाडला होता आणि निम्मा छातीत घेऊन ती घरी बसली होती. श्वास घेताना आत कानस चालल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना समोर बसवून सांगितलं होतं, "हिला लागण झाली तर मला बोलावू नका. माझ्या हातात काही उरणार नाही."

धर

दुसऱ्या दिवशी फूटपट्टी कापड बांधून आला. निळं, उशीच्या अभ्र्याचं.

"नवरीबाई, तोंड तरी दाखवा!" भोंगा ओरडला. भोंगा म्हणजे ओंडके उतरवणारा. करवतीच्या वरताण आवाज फक्त त्याचा.

थोरल्याने भावाची मान धरली. कापड ओरबाडून काढलं आणि ढिगातल्या एका ओंडक्यावर खिळ्याने ठोकलं. तीन घाव. कापायच्या लाकडात खिळा मारणं म्हणजे आपल्याच ताटात काच टाकणं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण लोक हसत होते, आणि लोक हसत असले की थोरल्याला दुसरं काही दिसत नसे. भोंग्याने कापड खेचलं, ते फाटलं. खिळा राहिला. वरून चार ओंडके येऊन पडले.

तो खिळा काढून टाकावा असं फूटपट्टीच्या मनात आलं. दोनदा आलं. पण तेरा जण बघत होते.

त्यानंतर तो कापड खिशात ठेवू लागला. फाटकाबाहेर नाकावर, फाटकाच्या आत खिशात. भित्रा तो होताच, आता त्याला माणसांचीही भीती वाटू लागली, आणि ही भीती जास्त जवळची होती.

महिन्याभराने करवतीच्या वरताण भोंग्याचा खोकला ऐकू आला.

फिरव

भोंगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पत्र्याचा मोठा मग निघाला. त्या मगातून सगळ्यांनी एकेक घोट प्यायचा, ही तिथली रीत. लग्न असो, मौत असो.

"भोंग्याच्या नावाने," थोरला म्हणाला. स्वतः प्यायला, मग भावापुढे धरला.

"मी नाही पिणार."

"काय म्हणालास?"

"भोंगा याच मगातून प्यायचा, दादा. घरी आई आहे."

फाडकन कानाखाली बसली. पत्र्याचा मग हातातून उडाला.

"मेलेल्याचा अपमान करतोस? या शेडमध्ये घाबरटांना जागा नाही!"

"मग तू अंगणात का झोपतोस?"

फूटपट्टीला स्वतःचाच आवाज परका वाटला, पण आता तो थांबेना. "सांग ना यांना. चार दिवस तू आईच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाहीस. मागच्या नळावर साबण लावून हात सोलून काढतोस. इथे वाघ आणि घरी..."

थोरल्याने फळी उचलली. पहिला फटका खांद्यावर, दुसरा बरगडीवर, तिसरा तोंडावर. दात तुटल्याचा आवाज फूटपट्टीला आतून ऐकू आला. तो भुशात पडला तेव्हा पोटात लाथ बसली. कुणी मध्ये पडलं नाही. एक जण दमला असशील म्हणून थोरल्याला पाणी देत होता.

फूटपट्टी उठला. दात थुंकला. खिशातलं कापड काढून फुटलेल्या तोंडावर आवळलं आणि मागे गाठ मारली. मग गाठीवर गाठ. रक्ताने कापड काळं पडलं, तरी ते ओढायला कुणी पुढे झालं नाही.

भोंगा वाजला. म्हणजे सुट्टी संपल्याचा, तो जिवंतच होता. दोघे भाऊ आपापल्या जागी गेले.

थांब

तिसरा ओंडका. ढकलता ढकलता फूटपट्टीला ओंडक्याच्या कडेला एक निळा धागा दिसला. धाग्याच्या बुडाशी खिळ्याचं डोकं. पात्यापासून हातभर.

बंद करायचा खटका थोरल्याच्या बाजूला.

"थांब!" फूटपट्टी म्हणाला. कापडाच्या आत. "थांब! दादा, थांब!"

थोरल्याने वर पाहिलं. समोर दोन डोळे आणि काळं कापड. त्याला वाटलं, अजून शिव्या घालतोय. त्याने ओठ हलवले. ढकल.

हात हलवून खूण करायचं फूटपट्टीला सुचलं नाही. बावीस वर्षं त्या शेडमध्ये हातांना फक्त काम होतं, बोलणं ओठांचं. त्याने ओंडका सोडला आणि मागे गाठीला हात घातला. एक सुटली. दुसरी सुटेना. कापड नुसतं खाली ओढावं, हेही त्याला सुचलं नाही.

मोकळा ओंडका आपल्याच वजनाने पुढे सरकला. पातं किंचाळलं, ठिणग्या उडाल्या, पात्याचा तुटलेला पट्टा चाबकासारखा बाहेर आला आणि थोरल्याचा डावा हात कोपराखालून घेऊन भिंतीत रुतला.

मग शांतता. रक्त भुशावर पडत होतं आणि भुसा ते आवाज न करता पीत होता.

फूटपट्टीने कापड डोक्यावरून ओढून काढलं, दातांनी फाडलं आणि भावाच्या दंडाला आवळलं. त्याचं डोकं छातीशी घेतलं. डोकं चटके बसावेत इतकं तापलेलं. हा ताप हात तुटल्याचा नव्हता. हा चार दिवसांचा होता.

थोरला खोकला. फूटपट्टीचा सगळा चेहरा ओला झाला.

करवत बंद होती, तरी थोरला सवयीने नुसत्या ओठांनीच बोलला.

घरी. जाऊ. नको.



दुपारी तीनला फूटपट्टी घराच्या कुंपणाबाहेर उभा होता. शर्ट भावाच्या रक्ताने कडक झालेला. आईला कुणीतरी सांगितलं असणार, कारण दार उघडलं आणि ती अनवाणी धावत निघाली, दोन्ही हात पुढे, छातीतली कानस कुंपणापर्यंत ऐकू येत होती.

"अरे, कुणाचं रक्त हे? तुझं का? थोरला कुठाय?"

फुटलेले ओठ तेवढे हलले.

थांब.

तीस वर्षं त्या शेडमध्ये काढलेली बाई. पाय अधांतरी होता, तो तिने तिथेच टेकला.