रेडिओ नोपालचा चौथा फोन

रेडिओ नोपाल हे आमच्या ओजिमा वसाहतीतलं एकमेव मेक्सिकन रेडिओ केंद्र. पोहोच तीन इमारती आणि एक सायकल-स्टँड. इतक्या अशक्त प्रक्षेपणाला जपानात परवाना लागत नाही, कारण सरकारला ते ऐकूच येत नाही.

एफ्राइननं ते काही वर्षांपूर्वी वसाहतीच्या एका रिकाम्या खोलीत सुरू केलं. मेक्सिकोत, ओआहाकातल्या त्याच्या गावी रेडिओवर दिवसभर निरोप वाचत: अमकीला वाढदिवसाच्या शुभेच्छा, तमक्याचं गाढव सापडलं. त्याला इथेही तेच हवं होतं. तेव्हा वसाहतीत तीन मेक्सिकन कुटुंबं होती. एक नागोयाला गेलं, एक मायदेशी परतलं, उरलेलं म्हणजे तो एकटा. तरी दर शनिवारी शुभेच्छा चालूच. मागच्या महिन्यात त्यानं लिफ्टला वाढदिवसाच्या दिल्या. बसवल्याची तारीख आतल्या पाटीवर होती.

मी सारंग, पुण्याचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. शनिवारी केंद्राचा ध्वनिविभाग सांभाळतो. म्हणजे एक बटण वर-खाली करतो.

एके दिवशी रहिवासी संघाचे अध्यक्ष मोरी-सान आले. त्यांना भूकंपासाठीची बिस्किटं ठेवायला खोली हवी होती.

"पण लोक ऐकतात!" एफ्राइन म्हणाला.

"शनिवारी मी येऊन बसतो," मोरी-सान नम्रपणे वाकून म्हणाले. "कार्यक्रमात बाहेरून चार जणांचे फोन आले, तर खोली तुमची. नाहीतर बिस्किटांची."

मी लगेच वसाहतीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळकळीचं आवाहन टाकलं. बेचाळीस अंगठे आणि जोडलेल्या हातांचा पूर आला.

शनिवारी सगळे ऐकत होते, पण फोन मात्र एकाचाही नाही. मोरी-सान मांडीवर टोपी ठेवून बसलेले. एफ्राइननं दोन गाणी लावली, हवामान सांगितलं, फोनकडे पाहिलं. मग माइक जवळ ओढला आणि शांतपणे जपानीत म्हणाला,

"टॉर्टिया ही जगातल्या सगळ्या गोल रोट्यांची आई. भारतातली भाकरी ही तिची दूरची, जरा जाड मुलगी."

हे मराठीत सांगायचं काम माझं. सांगितलं. फोन वाजला.

"कोण आहे रे तो?" आठव्या मजल्यावरच्या जयमालाकाकू, मुलाकडे आलेल्या. "जाड म्हणतो? त्याला विचार, टॉर्टिया फुगते का टम्म?"

"फुगते," एफ्राइन म्हणाला. "आम्ही मका चुन्याच्या पाण्यात शिजवतो."

"चुना? अन्नात? अरे, पान खातोस की जेवतोस?"

त्यांनी ठेवला तोच दुसरा. सोलापूरचा मोरेश्वर. "काकूंचा मान राखून सांगतो, भाकरी फुगण्यात काय आहे? कडक भाकरी महिनाभर टिकते. भूकंपाला बिस्किटं कशाला हवीत?"

मी भाषांतर केलं. मोरी-सानांनी टोपी उलटी केली, सुलटी केली.

तिसरा फोन कुजबुजता आला. "मी तन्वी, जयमालाकाकूंची सून. आई, पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं असतं. तुम्ही गार घेता, म्हणून चिरते. तीन वर्षं सांगायचं होतं."

"तू स्वयंपाकघरातून बोलतेयस ना गं?" मागून काकूंचा आवाज आला. फोन कटला आणि लगेच पुन्हा वाजला. काकूच. गार पाण्याच्या बाजूनं त्या सविस्तर बोलल्या.

"हा मोजता येणार नाही," मोरी-सान हळहळून म्हणाले. "त्याच बाई आहेत."

तीनच फोन झाले होते. कार्यक्रम संपत आला. एफ्राइननं भिंतीवरून गावच्या रेडिओचा फोटो काढून पिशवीत ठेवला.

मोरी-सान उठले, वाकले आणि बाहेर गेले. बहुधा बिस्किटवाल्यांना बोलवायला.

फोन वाजला.

"मी इथलाच एक श्रोता," आवाज दारापलीकडूनही येत होता. "नियमाप्रमाणे बाहेर उभा आहे. नागानोला माझी आजी चुलीच्या राखेत ओयाकी भाजायची. जाडजूड, आत पालेभाजी. आई वगैरे जी काही आहे, ती तीच."

"चूक!" एफ्राइन माइकमध्ये ओरडला आणि रडायला लागला. मी बटण वर केलं, तिन्ही इमारतींना नीट ऐकू जावं म्हणून.

बिस्किटंही आलीच. खोकी आम्ही भिंतींना लावून रचली. घुमणं बंद झालं; केंद्राचा आवाज इतका छान कधीच नव्हता.

पुढच्या शनिवारी एफ्राइननं निरोप वाचायला घेतले: जयमालाकाकूंना, त्यांच्या शूर सुनेला, मोरेश्वरला, नागानोच्या आजीला, मग काकूंना पुन्हा, त्यांच्या आग्रहावरून. यादीतच वेळ संपला. लिफ्टचं राहून गेलं.