वर्षभराचं एकाशन

कडी वाजली तशी चिमणाबाईंनी लेकीच्या हातातली वाटी काढून घेतली, ओट्याखाली सरकवली आणि तिच्यावर फडकं टाकलं. अरुणाच्या तोंडात मुगाच्या खिचडीचा घास होता. तो घाईनं गिळायची सोय नव्हती, छातीत अडकला असता. तिनं तो गालात धरला आणि आईच्या मागोमाग बाहेरच्या सोप्यात आली.

दारात बयाबाई होत्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या. त्यांच्या मागं त्यांची ऐश्वर्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेलेली, ओढणीनं पोट झाकून उभी होती.

"झालं काय एकाशन, अरुणा?" बसता बसता बयाबाईंनी विचारलं.

"दुपारीच झालं की," चिमणाबाई म्हणाल्या. "आता एकदम उद्याच. पाण्याबिगर काय न्हाई."

अरुणानं मान हलवली.

"बघ जरा," बयाबाई लेकीकडं वळल्या. "दिवसातनं एकदाच पानावर बसती ही. आणि तुझं तोंड थांबतंय काय सकाळपास्नं?" मग चिमणाबाईंना म्हणाल्या, "हिला बी यंदा पर्युषणात धा दिवसांचा उपास धरायला लावणार हाय. निस्तं उकळल्यालं पाणी. अरुणाला बघून पोरीच्याच मनात आलं."

ऐश्वर्या फरशीकडं बघत होती. तिच्या मनात असं काही आलं असेल, असं तिच्याकडं बघून वाटत नव्हतं.

मागच्या वर्षापर्यंत मंगळवार पेठेत अरुणाला अरुणा म्हणणारी माणसं मोजकीच होती. बापूसोंची गुळाची अडत, म्हणून त्यांची लेक गुळाची ढेप. हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं आणि त्यांच्या आयांनी चालवलं. अरुणाला बघायला येणारे पोहे खाऊन जात आणि मग निरोप येत नसे. शेवटच्या वेळी मुलाच्या मामानं हातात बशी धरूनच विचारलं होतं, "पोरगी एकच हाय न्हवं? मला वाटलं, दोघी बसल्यात."

सगळे हसले. पावण्यांचा मान राखायचा म्हणून बापूसोही हसले. अरुणानं ते पाहिलं. पुढच्याच आठवड्यात बापूसो तिला घेऊन पुण्याला गेले.

पेठेत सांगितलं, मावशीकडं गेलीय, दम्याचं औषध चालू हाय. वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तिला नुसत्या पातळावर ठेवलं. ताक, वरणाचं पाणी, पावडर कालवलेलं दूध. यकृत आकसायला पाहिजे, नाहीतर आत हत्यार फिरवायला जागा मिळत नाही, असं ते म्हणाले. मावशीच्या घरी सगळे जेवायला बसले की अरुणा गच्चीत जाऊन उभी राहायची. भाकरी भाजल्याचा वास तिथंही यायचा. मग जठराचा मोठा भाग कापून काढला. उरलं ते केळ्याएवढं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा चिमणाबाईंनी एवढंच विचारलं, "व्रण दिसंल काय हो?"

पुढचे महिने अरुणानं औषधाच्या बाटलीच्या झाकणानं पाणी पिऊन काढले. एकदा राहवलं नाही म्हणून तिनं भाकरीचा तुकडा पटकन खाल्ला, तर तो छातीत रुतला आणि तोंडाला फेस येईपर्यंत ती मोरीत ओणवी होऊन राहिली. केस मुठीनं गळले. दंडाची कातडी लोंबायला लागली, तशा चिमणाबाईंनी तिला कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतली.

कोल्हापुरात परत आल्यावर पहिल्यांदा बयाबाईच दारात भेटल्या.

"अगं बया! निम्मी कुठं ठेवून आलीस?"

"एकाशन धरलंय तिनं," चिमणाबाई तिथल्या तिथं म्हणाल्या. "वर्षाचं."

अरुणा शेजारीच उभी होती. तिनं मान हलवली.

डॉक्टरांनी थोडं थोडं, पण दर दोन तासांनी खायला सांगितलं होतं. ते ती स्वयंपाकघराचं दार लोटून, उभ्यानं खायची. बाहेर बस्तीत, जैनांच्या मंदिरात, तिच्या व्रताची चर्चा वाढत गेली. म्हाताऱ्या बायका तिच्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडायच्या. मग कागलचं स्थळ आलं. मुलगा वृषभ, घरची शेती, दुकान. त्याच्या आईला व्रतवैकल्य करणारी सून पाहिजे होती. पर्युषणात बस्तीच्या मंडपात अरुणाचा सत्कार ठरला, तेव्हा चिमणाबाईंनी कागलला मुद्दाम निरोप धाडला.

सत्काराच्या दिवशी साडीला पिना लावायला ऐश्वर्या माडीवर आली. तिचा उपास निम्म्यावर आला होता. ओठ फुटले होते, तोंडाला वास येत होता. पिन लावताना दोनदा टोक अरुणाच्या खांद्यात रुतलं.

अरुणानं दार लावलं. पदर बाजूला केला आणि साडी थोडी खाली सरकवली.

"हे बघ. मी उपास केला न्हाई. पुण्यात ऑपरेशन करून घेतलंय. तू आज काय तर खा. तुझ्या आईला मी सांगते."

ऐश्वर्या वाकली. पोटावरच्या लहान लहान खुणा तिनं जवळून बघितल्या.

"एवढंच व्हय? आई म्हणत हुती, लई मोठा काप असतोय."

अरुणाच्या हातातला पदर तसाच राहिला. "तुझी आई?"

"सगळ्यांस्नी ठाव हाय की, ताई. तुमच्या मावशीच्या शेजारणीचं म्हायेर हितलंच न्हवं काय."

"मग तू उपास कशाला धरलास?"

"आई म्हणाली, आपल्याला काय ऑपरेशनचा खर्च झेपणार न्हाई. आपण खराच करायचा."

खालनं चिमणाबाईंची हाक आली. अरुणानं पदर खांद्यावर घेतला.

"माझ्यावर हसत्यात काय गं सगळी?"

ऐश्वर्यानं जरा विचार केला. "पयल्यांदा हसत हुती," ती म्हणाली आणि पुढची पिन लावायला लागली.

मंडप भरला होता. अरुणाच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ संयमाबद्दल बोलत होते. समोर बायका बसल्या होत्या. अरुणानं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, बयाबाई सगळ्यांत जोरात. पुढच्या रांगेत वृषभची आई, कागलच्या बाई, हात जोडून बसल्या होत्या. त्या तेवढ्या एकट्यांनाच ठाऊक नसावं.

टाळ्या थांबायच्या आत खांबाला टेकलेली ऐश्वर्या घसरत खाली आली.

बायका गोळा झाल्या. अरुणाही स्टेजवरून उतरली. समाजातल्या सगळ्यांत जुन्या आक्का, ज्यांनी आयुष्यभर उपास केले आणि कधी कुणाला सांगितले नाहीत, त्यांनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं.

"लिंबू-साखरेचं पाणी आणा गं. सोडू दे तिला उपास. झेपंल तेवढंच करायचं असतंय. जीव घालवा म्हणून कुणी सांगितलं न्हाई."

कुणीतरी पेला आणला. तो बयाबाईंनी हातात घेतला, पण लेकीच्या ओठाला लावला नाही. त्यांनी वर बघितलं.

"तू सांग, अरुणा," त्या म्हणाल्या. "तू वरीसभर काढलंयस. सोडावा काय?"

गलका थांबला. चिमणाबाई कुठंतरी मागं होत्या, त्यांना पुढं यायला वाट मिळत नव्हती. आजवर आईच बोलायची, अरुणा मान हलवायची. ती स्वतः एक शब्दही खोटं बोलली नव्हती. कागलच्या बाई उठून जवळ आल्या होत्या आणि तिच्याच तोंडाकडं बघत होत्या. खाली ऐश्वर्याचे डोळे अर्धे उघडे होते.

शाल खांद्यावरून घसरत होती. अरुणानं ती नीट केली.

"होतंय असं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मला बी व्हायचं. सोडू नका."

बयाबाईंनी पेला बाजूला ठेवला. आक्का काहीतरी पुटपुटल्या, पण पोरीला वारा घालणाऱ्या बायकांच्या गडबडीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. ऐश्वर्यानं डोळे मिटून घेतले.

कार्यक्रम पुढं सुरू झाला. कागलच्या बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि थोडं सरकून आपल्या शेजारी अरुणाला बसायला जागा केली.