अण्णांची चार वाजताची बोली

ती घरी बसून कपडे शिवायची आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठाच्या भाषावर्गात जायला लागली होती. सत्राअखेर प्रत्येकाने एका अभ्यासविषयावर दहा मिनिटं बोलायचं होतं. तिने दिलेला 'भाषा आणि समाज' हा विषय मॅडमनी परत केला. "हा विषय नाही, समुद्र आहे. नाकातोंडात पाणी जाईल. हाताशी काय आहे ते बघा."

हाताशी होते सासरे. अण्णांनी जन्मभर याच गावात घड्याळं दुरुस्त केली. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती. दोन महिन्यांनी एका दुपारी चार वाजता ते भिंतीकडे तोंड करून बोलायला लागले. घरात कुणाला एक शब्द कळेना. पाच-सात मिनिटं बोलले, गप्प झाले. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच.

"मेंदूला मार बसला की होतं असं," डॉक्टर म्हणाले. "नुसती बडबड. अर्थ नसतो."

पण तिला त्यात वीण दिसत होती. काही शब्द फिरून फिरून यायचे. प्रत्येक वाक्यानंतर अण्णा थांबायचे, समोरच्याने उत्तर द्यावं इतकंच. मापांच्या वहीत मागच्या पानांवर ती शब्द उतरवून घेऊ लागली आणि विषय लिहून दिला: 'वाचा गेलेल्या माणसाच्या बडबडीला व्याकरण असतं का?'

"आता कसं," मॅडम खूश झाल्या. "रेकॉर्डिंग आणा."

तास सुटल्यावर रिकाम्या वर्गात तिने मोबाईल लावला. मॅडम टिपणं काढत होत्या. मध्येच त्यांचं पेन थांबलं.

"पुन्हा लावा."

तीनदा ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचे सासरे डोंगरातल्या खाणीवर होते का कधी?"

"नाही हो. गाव सोडून चार दिवस कुठे राहिले नाहीत. का?"

"ही आमची घरची बोली आहे. खाणीवर आमची वीस घरं होती, तेवढीच बोलायची. खाण बंद पडली, माणसं पांगली. शेवटी आई आणि मी उरलो. आईला जाऊन सहा वर्षं झाली."

"मग अण्णा म्हणतायत काय?"

मॅडमनी पर्स उचलली. "मी उद्या घरी येते."

दुसऱ्या दिवशी चारला अण्णा बोलू लागले. मॅडम पलंगाशी स्टुलावर बसल्या होत्या. जरा वेळ ऐकून त्यांनी हळूच उत्तर दिलं. अण्णांनी पहिल्यांदाच भिंतीकडची मान वळवली. मग दोघं कालचं बोलणं पुढे चालू केल्यासारखी बोलत राहिली. मॅडम एकदा हसल्या, एकदा पदराने डोळे टिपले.

दारात तिने विचारलं, "काय विचारत होते?"

"घरचंच. जेवलीस का, केस का कापलेस."

"अण्णांना तुमच्या केसांचं काय?"

"अण्णा नव्हते विचारत. केसांचं आईच विचारायची," चप्पल घालता घालता मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. "शिकवणी तुझी की त्यांची?" नवरा कुरकुरला. ती बाहेरच्या खोलीत मशीनवर बसून शब्द टिपत राहिली. अर्थ विचारला की मॅडम विषय बदलायच्या.

नवव्या दिवशी ती एका पँटची कड दुमडत होती. आतून अण्णांचा आवाज आला आणि कुणी अर्थ न सांगताच तो तिला कळला, घरातल्या माणसाने घरच्या भाषेत बोलावं तसा.

"हळू बोल. बाहेरचीला कळायला लागलंय."

तिचा पाय पायडलवर थबकला, मशीन थांबलं.

"शिवत राहा गं," आतून अण्णांचाच आवाज आला, त्याच बोलीत. आणि तिचा पाय आपोआप हलला.

दुसऱ्या दिवशी तिने विषय बदलला: 'कॉलरच्या भागांची नावं'. मॅडमनी का म्हणून विचारलं नाही, नुसती सही केली. सादरीकरण झकास झालं, वर्गाने टाळ्याही वाजवल्या. आता रोज पावणेचारला ती दोरे-बटणं आणायला म्हणून बाजारात जाते आणि पाच वाजून गेल्यावरच परतते.

वहीतली ती शब्दांची पानं तिने फाडून मॅडमना द्यायला काढली होती. मॅडमनी हात पुढे केला नाही.

"तुमच्याकडेच असू द्या," त्या म्हणाल्या. "माझ्यानंतर मला उत्तर द्यायला कुणीतरी लागेल."