कुंकू लागलेली फ्लॉपी

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. तुमच्या शर्टाच्या खिशात बसते ती कडक पाठीची छोटी फ्लॉपी नव्हे. मी तिची थोरली बहीण. घडी घातलेल्या रुमालाएवढी, काळी आणि अंगाने लवचिक. माझ्या पोटात एक चकती फिरते आणि ती वाचता यावी म्हणून मला एक उघडी खिडकी आहे. त्या खिडकीला कुणी बोट लावू नये, एवढाच आमच्या घराण्याचा नियम.

दहा-अकरा वर्षांपूर्वी पुण्यात कुणीतरी माझ्यावर अणुयुद्धाचा एक खेळ उतरवला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. दोन देश, प्रत्येकाची पाच शहरं, आणि दर वर्षी दोघांना एकच प्रश्न: तह की हल्ला? वीस वर्षांनंतर ज्याची जास्त माणसं जिवंत, तो जिंकला. मी कोरेगावात विजयमालाताईंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आले, तेव्हा पोरं माझ्यासाठी हमरीतुमरीवर यायची. मग नव्या मशिनवर रंगीत मोटारींचे खेळ आले आणि मी जुन्या मशिनशेजारी धूळ खात पडले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण दोन माणसांनी मला सोडलं नाही. एक हंबीरराव, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. दुसरा महेंद्र, पोस्टातला कारकून, वयाने त्यांच्या निम्मा. दर रविवारी सकाळी दोघं जुन्या मशिनसमोर बसायचे. शहरांना नावं आपणच द्यायची असत. सुभेदारांनी कोरेगाव, सातारा, कराड अशी दिली. महेंद्रने औंध, सांगली आणि आपली सासुरवाडी वाई.

"आज पयला बॉम्ब तुज्या सासुरवाडीवर, गड्या," सुभेदार म्हणायचे.

"टाका की. तेवढाच दिवाळसणाचा प्रवास वाचंल माजा," महेंद्र म्हणायचा.

सुभेदार पहिल्याच वर्षी हल्ला करत, महेंद्र उलटा हल्ला करी, आणि दोन मिनिटांत दहाही शहरं भुईसपाट. मग दोघं खुशीत चहा प्यायचे. मीही खुशीत असे. आपलं कुणाला तरी काम पडतंय, यासारखं सुख नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात सीमेवर खरी लढाई लागली. सुभेदारांचा मुलगा ऋषिराज तिकडे डोंगरावर होता. एका रविवारी त्यांची बायको बनुबाई बाजाराची पिशवी घेऊन त्यांना बोलवायला क्लासमध्ये आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "आवं, ह्यातलं आपलं कोरेगाव कंचं?"

"ह्ये काय. गेलं न्हवं आत्ताच. एक माणूस उरला न्हाई," सुभेदार हसत म्हणाले.

बनुबाई पिशवी उराशी धरून बाहेर पायरीवर जाऊन बसली. सुभेदारांनी चहा अर्धा टाकला.

पुढच्या रविवारी त्यांनी नवा डाव मांडला. एका रविवारी एकच वर्ष खेळायचं, म्हणाले. मला मशिनमध्ये सरकवताना ते ओठातल्या ओठात पुटपुटले, "पोरगं खाली येस्तवर एक बॉम्ब पडू द्यायचा न्हाई." हे फक्त मी ऐकलं. समोर बसलेल्या महेंद्रला त्याचा पत्ता नव्हता; त्याच्या लेखी हा खेळच होता.

सुभेदार दर रविवारी तह करत. महेंद्र चेष्टा करी, "सुभेदार, दारू सादळली काय?" आणि गंमत म्हणून तोही तहच करी. त्याचं बोट हल्ल्याच्या बटणावर घुटमळलं की सुभेदारांच्या कपाळावर घाम यायचा. लढाई थांबली, पण ऋषिराज अजून वरच होता. एकोणीस वर्षं माझ्यावर जतन झाली. मी इतकं मोलाचं काही कधी सांभाळलं नव्हतं.

मग दसरा आला. महेंद्र नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. क्लासच्या साफसफाईत मी हरवू नये म्हणून सुभेदारांनी मला घरी नेलं. खंडेनवमीला बनुबाईने कोयता, खुरपं, कुऱ्हाड पाटावर मांडली, मला पाकिटातून काढून त्यांच्या शेजारी ठेवलं आणि ओल्या कुंकवाचं बोट थेट माझ्या खिडकीवर टेकवलं.

"अगं, काय केलंस ह्ये!" सुभेदार ओरडले.

"हत्यार हाय न्हवं ते? तुमीच म्हंता ह्यात बॉम्ब हायती."

सुभेदारांनी मला झटकन उचलून घेतलं. मीही घाबरले होते, मित्रांनो. माझ्यासारखी दुसरी फ्लॉपी कुणाकडे नव्हती.

रविवारी विजयमालाताईंनी मला मऊ फडक्याने हलकेच टिपलं. डाग काही गेला नाही. तरी मशिनमध्ये घातल्यावर डाव उघडला. दहाही शहरं उभी होती. विसावं वर्ष, शेवटचं. सुभेदारांनी तह केला.

"आज मातूर जिंकतो बगा," महेंद्र म्हणाला आणि त्याने हल्ल्याचं बटण दाबलं.

सुभेदारांनी डोळे मिटले. मी खरखर फिरले, पुन्हा फिरले. चकतीवर क्षेपणास्त्रं जिथे लिहिलेली होती, नेमकं तिथेच कुंकू बसलं होतं. 'वाचता येत नाही' असं सांगून पडद्याने पुन्हा विचारलं: तह की हल्ला?

महेंद्रने वळून पाहिलं. सुभेदारांचे गाल ओले होते. मग त्यांनी सगळं सांगितलं.

"आवं, आदी सांगायचं न्हाई व्हय?" महेंद्र कसाबसा म्हणाला, आणि त्याने तह केला.

दिवाळीला ऋषिराज रजेवर आला. रापलेला, हडकलेला, पण धडधाकट. त्यानेही कौतुकाने मशिनसमोर बसून हल्ल्याचं बटण दाबून पाहिलं. मी खरखरले.

"आबा, ह्ये बिगाडलंय की."

"न्हाई रं," सुभेदार म्हणाले. "आत्ता कुठं नीट झालंय."

दोन महिन्यांनी सन दोन हजार लागेल. माझं मशिन किती दिवस टिकेल, ठाऊक नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, धुळीपासून आणि उन्हापासून सांभाळा. पण कधी मी तुमच्या हाती लागले, तर माझ्या खिडकीवरचा तो लाल डाग तेवढा पुसू नका.